मुरेशानु, आंद्रेई
(१६ नोव्हेंबर १८१६–१२ ऑक्टोबर १८६३). रूमानियन कवी व पत्रकार. जन्म ट्रान्सिल्व्हेनियातील बिस्त्रित्सा येथे. हा प्रांत त्या वेळी हॅब्सबर्ग साम्राज्यात होता. तत्त्वज्ञान व धर्मशास्त्र यांचे शिक्षण त्याने ब्लाज येथे घेतले. १८३८ पासून तो ब्राशोव्ह येथे शिक्षक होता. जॉर्जे बारित्सियू याने त्याच वर्षी तेथे गाझेता दे ट्रान्सिल्व्हानिया हे वृत्तपत्र व त्याची साहित्यपुरवणी सुरू केली. मुरेशानुच्या कविता व लेख प्रामुख्याने या पुरवणीत छापले गेले.

त्याची कीर्ती मुख्यतः एका कवितेवर उभी आहे; तीच पुढे रूमानियाचे राष्ट्रगीत झाली. ‘उन रसुनेत’ (पडसाद) ही ती कविता १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमीत, जून महिन्यात पुरवणीत प्रसिद्ध झाली. कवी वासिले अलेक्सांद्री याच्या त्याच वर्षीच्या आवाहनपर कवितेला दिलेला हा प्रतिसाद असावा, असे शीर्षकावरून सामान्यतः मानतात. रूमानियन माणसाला ‘मरणनिद्रे’तून जागे होण्याची हाक देऊन कविता रोमन सम्राट त्राजान आणि मिहाई, श्तेफान व कोर्विन या जुन्या शासकांना साद घालते. तुर्कांची तलवार व रशियनांचा चाबूक यांचा तीत एका दमात धिक्कार आहे. क्रूस हाती घेतलेले धर्मगुरू शेवटच्या कडव्यात येतात.

ही कविता ज्या चालीवर गातात तिच्या उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित परंपरेप्रमाणे ती संगीतकार अंतोन पान याची. २९ जुलै १८४८ रोजी रम्निकू व्हल्चा येथील झाव्होई उद्यानात त्याच्याच नेतृत्वाखाली गीत गायले गेले, ही गोष्ट या मताला बळ देते. मात्र पानचा शिष्य गेओर्गे उचेनेस्कू याच्या आठवणीनुसार कवी चालीच्या शोधात होता. उचेनेस्कूने गाऊन दाखवलेल्या गाण्यांतून त्याने ‘दिन सनुल माईची मेले’ या भावगीताची चाल निवडली. या भावगीताचे शब्द कवी ग्रिगोरे अलेक्सांद्रेस्कू याचे असल्याचे सांगतात. छंदाचा पुरावा या वृत्तांताला अनुकूल आहे. मुरेशानुच्या ओळी आलटून पालटून चौदा व तेरा अक्षरांच्या असून सातव्या अक्षरावर यती (विराम) येतो. भावगीताची पहिली अर्धओळही नेमकी सात अक्षरांची आहे. तेव्हा चाल आधीची व पान तिचा प्रसारक, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

कम्युनिस्ट राजवटीत गीतावर बंदी होती. तरीही १५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्राशोव्हच्या कामगारांनी उठावाच्या वेळी ते गायले. डिसेंबर १९८९ च्या क्रांतीनंतर ते रूमानियाचे राष्ट्रगीत झाले. अकरा कडव्यांपैकी अधिकृत प्रसंगी चारच गातात. १९९१ ते १९९४ या काळात मोल्दोव्हानेही ते स्वीकारले होते.

क्रांतीनंतर मुरेशानुने सिबिऊ येथे शासकीय राजपत्राचा अनुवादक म्हणून काम केले. तेलेग्राफुल रोमन या पत्रातही त्याने लिहिले. त्याचा काव्यसंग्रह १८६२ मध्ये ब्राशोव्ह येथे निघाला. एडवर्ड यंगच्या रात्रीविषयक चिंतनकाव्याचा अनुवादही त्याने केला. रूमानियन कवी एमिनेस्कू याने १८७० मधील ‘एपिगोनी’ या कवितेत त्याला जागृतीचा पुरोहित व काळाच्या खुणा ओळखणारा द्रष्टा म्हटले, पण त्याच कवितेत त्याचा आवाज ‘गंजलेला’ असल्याचेही नोंदवले. संग्रहातील उपदेशप्रधान रचना पाहता दोन्ही विधाने न्याय्य आहेत.