रात्री जिताड्याला कास्ट मारताय? अंतर डोळ्याने नाही, हाताने मोजा

आमच्या दुकानातून रॉड-रीलचा सेट घेऊन गेलेली मंडळी महिन्याभरात परत येतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, दिवसा कास्ट (म्हणजे रॉडने गळ लांब फेकणं) बरोब्बर जाते पण अंधार पडला की एकतर तिवरात अडकते नाहीतर भलतीकडेच पडते, तेव्हा रॉड बदलून द्या. रॉड चांगला असतो हो. दिवसा आपण नकळत डोळ्याने अंतर मोजत असतो, रात्री ते मोजमाप गेलेलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं काही आपण आणलेलं नसतं. म्हणून हे पत्रक लिहिलंय, नवीन सेटबरोबर देतोच, पण जुन्या गिऱ्हाइकांनीही वाचावं ही मनापासून विनंती.

आधी मासा कुठला ते. व्हिडिओत सगळे ज्या बासच्या मागे असतात तो लार्जमाउथ बास, तो मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला, त्याला शोधायला पानशेतला किंवा खडकवासल्याला जाऊ नका (आणि तसंही धरणांवर मासेमारीचे ठेके असतात, परवानगी विचारल्याशिवाय गळ टाकू नये). आपला बास म्हणजे जिताडा. बाहेर त्याला एशियन सीबास म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. पुण्याहून ताम्हिणी उतरून नाहीतर खोपोली-पेणवरून रायगडच्या खाड्यांवर आपली मंडळी जातात ती ह्याच्यासाठीच. दोन्ही मासे एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत, पण सवय सारखी, दोघंही आडोसा घेऊन दबा धरून बसतात. पुलाचा खांब, जेट्टीची सावली, खारबंदिस्तीच्या उघाडीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराचं) तोंड, पाण्यात पडलेलं झाड. पुलावर दिवा असेल तर उजेड आणि सावलीची जी रेघ पाण्यावर पडते ना, तिच्या सावलीकडच्या बाजूला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि उजेडातून वाहत येणारी कोळंबी-बोयटं उचलतो. त्यामुळे लुअर (हुक लावलेलं नकली आमिष) त्या रेघेजवळ गेला तरच उपयोग, नुसतं लांब फेकून काही होत नाही.

आता मुख्य गोष्ट. सूर्य मावळायच्या किमान दीड तास आधी पोचा. सगळं पुढचं ह्या दीड तासावर आहे. जिथे उभं राहणार ती जागा ठरवा, पायाशी एक दगड ठेवा, आणि समोर दोनच टार्गेट निवडा, पाच-सहा नको. प्रत्येक टार्गेटवर उजेडात आठ-दहा कास्ट मारा आणि लुअर बरोबर पडला की लाईन ताठ करून हँडलचे फेरे मोजत सावकाश गुंडाळा. ३००० साईझचं साधं रील एका फेऱ्यात साधारण ७० ते ८० सेंमी लाईन घेतं, हाय गिअर असेल तर ९० च्या आसपास किंवा जास्त, नेमका आकडा रीलच्या बॉक्सवर असतो. समजा ७५ सेंमी धरलं आणि ३२ फेरे झाले तर खांब तुमच्यापासून २४ मीटरवर आहे. हा ३२ आकडा लिहून ठेवा, रात्री कास्ट अलीकडे पडली की पलीकडे हे तुम्हाला फेरेच सांगतील, २६ झाले तर ६ फेरे कमी म्हणजे साडेचार मीटर अलीकडे, अंदाज बांधत बसायचं कारणच नाही.

फेऱ्यांच्या पुढची पायरी म्हणजे लाईनवर खूण. टार्गेटच्या दोनेक मीटर अलीकडे ब्रेडेड लाईनवर (विणलेल्या दोरीवर) बारीक रेशमी दोऱ्याची गाठ मारायची, टोकं अगदी जवळून कापायची, गाठ बोटाला जाणवली पाहिजे पण रॉडच्या रिंगमधून अडखळत जाता कामा नये. कास्ट मारल्यावर तर्जनी स्पूलच्या (लाईन गुंडाळलेल्या रिळाच्या) कडेपाशी आणा, लाईन बोटाला घासत सुटते, दोरा गेला की टिक असं लागतं, तेव्हा बोट हलकेच दाबत आणायचं. लुअर हवेतच सरळ होतो आणि धप्प न पडता अलगद उतरतो. हे बोटाचं काम ज्याला आलं त्याला रात्र आणि दिवस सारखेच. बऱ्याच स्पूलवर लाईन क्लिप असते, काहीजण त्यातच लाईन अडकवून टाकतात, अंतर एकदम अचूक येतं हे खरं, पण मोठा जिताडा लागून पळाला तर क्लिपपाशी लाईन तटकन तुटते आणि मासा तोंडात लुअर घेऊन जातो. जिताड्याला क्लिप नको म्हणजे नको. दुकानात या, दोरा कसा बांधायचा ते समोर बसून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.

दिशेचं काय? तर रात्री कास्ट डोक्यावरूनच मारा, कुशीतून नको. कुशीतून मारताना लाईन जरा लवकर-उशिरा सुटली की लुअर डावी-उजवीकडे जातो आणि ती चूक हवेत सुधारता येत नाही, डोक्यावरून मारलेली कास्ट चुकली तर उंच किंवा बसकी जाते, म्हणजे चूक अंतराची होते, आणि अंतर तर तुमच्या बोटात आहे. रेषेसाठी पलीकडच्या काठावरचं काहीतरी धरा, माडाची काळी आकृती, देवळाचा दिवा. उजेडातच बघून ठेवा की कुठल्या माडाखाली खांब येतो.

रात्रभर एकाच वजनाचा लुअर ठेवा. १८ ग्रॅमवर हात बसवला आणि दहा वाजता २८ ग्रॅम लावला की सगळी मोजणी गेली. रंगाबद्दल खूप विचारतात, अमेरिकेतले बासवाले रात्री काळा लुअर वापरतात कारण खालून बघणाऱ्या माशाला आकाशासमोर काळी आकृती ठळक दिसते, आम्हालाही गडद रंग पटतो. ओढायचा मात्र एकसारखा आणि सावकाश, मासा पाण्यातली थरथर अंगाने ओळखून येतो, सारखे झटके दिले की त्याचाच नेम चुकतो.

भरती-ओहोटीचं गणित घरूनच करून निघा. जुनी मंडळी तिथीची पाऊणपट करतात, दशमी असेल तर १० चे साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं म्हणून मोबाईलवर टाईड टेबल पण बघा. शिकायला अष्टमी ते दशमीचं भांगाचं (कमी चढउताराचं) पाणी बरं, ओढ कमी असते. उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, लुअर पडताक्षणी वाहायला लागतो, म्हणून टार्गेटवर नाही तर त्याच्या वरच्या अंगाला टाकून वाहत आणायचा. आणि ओहोटीला पाण्याच्या मागे तुम्ही दहा पावलं पुढे गेलात तर ते ३२ फेरे तुमचे राहिले नाहीत, नवीन जागी परत मोजा. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं.

बॅटरी डोक्याला लावा पण लाल उजेडाची. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ते एका सेकंदात जातं. पाण्यावर तर टॉर्च मारूच नका. बेल (रीलवरची लाईन धरणारी तारेची कडी) हाताने बंद करा आणि गुंडाळायच्या आधी लाईन एकदा ताणून घ्या, रात्री ब्रेडेड लाईनचे जे गुंते होतात ते बहुतेक इथेच होतात. लीडर (लाईन आणि लुअरच्या मधला जाड तुकडा) ४० ते ६० पाऊंडाचा लागतो कारण जिताड्याच्या गालाची पाती सुरीसारखी असते, तो आखूड ठेवा म्हणजे जोडगाठ कास्ट मारताना रिंगच्या बाहेर राहते. मासा काढताना बोटं गालात घालू नका, पकड वापरा.

एक गोष्ट स्वतःची सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एका खाडीवर अंधारातच पोचलो, कुणाला काही विचारलं नाही आणि माझी कास्ट तिथल्या एका दादांच्या जाळ्यावर पडली, ट्रिपल हुक सोडवताना जाळं हातभर फाटलं. त्यांनी रात्री दोन वाजता बॅटरी धरून मला लुअर काढून दिला, एक शब्द बोलले नाहीत, आणि सकाळी मी बघितलं तर ते काठावर बसून तेच जाळं विणत होते. मी दुरुस्तीचे पैसे दिले पण त्यांची ती भरती वाया गेली होती. तेव्हापासून उजेडात पोचलो की पहिलं काम, जवळच्या कोळ्यांना विचारायचं की जाळी-खुंट कुठे आहेत. ते सांगतात, आणि मासा कुठे बसतो तेही बऱ्याचदा सांगतात.

मागे कोण आहे बघितल्याशिवाय रॉड उचलायचा नाही, मोठ्याने "टाकतोय" म्हणायचं, साधा पारदर्शक चष्मा रात्रीही लावायचा, लाईफ जॅकेट हवंच. डोक्यावर विजेच्या तारा असतील तर ती जागा सोडा, कार्बनच्या रॉडमधून करंट येतो. खडकांवर कालवं असतात, चपलेवर जाऊ नका.

सराव पुण्यात करता येतो, त्याला खाडी लागत नाही. सोसायटीच्या ग्राउंडवर रात्री मुलं घरी गेल्यावर १५ मीटरवर स्टीलची परात ठेवा, हुक काढलेला लुअर किंवा तेवढ्याच वजनाचं रबरी वजन लावा, आधी उजेडात २० कास्ट, मग दिवा बंद करून २०. परात वाजली की कळतं. आठवड्यात तीनदा अर्धा तास केलं तर महिन्याभरात बोट बोलायला लागतं. परात पाच-सहा वेळा लागोपाठ वाजायला लागली की रील घेऊन दुकानात या, तुमच्या पहिल्या टार्गेटच्या अंतराचा दोरा आपण मिळून बांधू.