सीटकव्हर: पीयू घ्यावं की पीव्हीसी?

सीटकव्हरच्या दुकानात ‘नप्पा’, ‘आर्ट लेदर’, ‘लेदरेट’ अशी कितीही नावं ऐकवली, तरी काउंटरवर उलगडलेला माल बहुतेक वेळा पीव्हीसी असतो, नाहीतर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. दोन्हींत मागे कापड आणि वर प्लॅस्टिकचा थर. पीव्हीसी म्हणजे आपलं रिक्षातलं रेक्झिन, त्याची ओळख करून द्यायला नको.

गोंधळ होतो तो पीयूबद्दल. ते मऊ लागतं, महाग असतं, म्हणून जास्त टिकणार असं ठरवून लोक मोकळे होतात. हाताला मऊ लागण्याचा आणि टिकण्याचा काही संबंध नाही. दोन्ही खराब होतात, पण कारणं वेगळी आहेत आणि निवड त्यावरच करायला हवी.

पीव्हीसी मुळात कडक. प्लॅस्टिसायझर मिसळून ते मऊ केलेलं असतं. गाडी उन्हात तापत राहिली की हे द्रव्य हळूहळू निघून जातं, रेक्झिन ताठरतं आणि शिवणीपाशी चिरतं. पीयूला प्लॅस्टिसायझर लागत नाही, त्याचा वैरी ओलावा. स्वस्त पीयू बहुधा पॉलिएस्टर जातीचं असतं. हवेतलं बाष्प त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतं आणि उष्णतेनं ते काम आणखी वेगानं होतं. मग वरचा थर पापुद्र्यांनी सुटून कपड्यांना चिकटायला लागतो. गाडी वापरली नाही तरी ही झीज थांबत नाही. खोक्यात जपून ठेवलेल्या बुटांचे तळवे एके दिवशी चुरा होऊन हातात येतात, तेही याच कारणानं.

म्हणून मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे मी स्वस्त पीयूच्या वाटेला जाऊ नका असंच सांगतो. चांगलं जाड पीव्हीसी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मर्सिडीजच्या सीटांचं टिकाऊपणासाठी नावाजलेलं कृत्रिम चामडं, एमबी-टेक्स, पीव्हीसीचंच आहे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात पीयूला जास्त वाव आहे. पॉलिकार्बोनेट जातीचं पीयू दमट हवेतही चांगलं टिकतं, पण ते तसंच आहे हे दुकानदारानं लेखी दिलं तरच जास्तीचे पैसे मोजा.

पाण्याचा थेंब टाकून खरं चामडं ओळखण्याचा प्रयोग कृपया बंद करा. गाडीतल्या बहुतेक खऱ्या चामड्यावरही पीयूचाच लेप असतो, थेंब तिथेही तसाच राहतो. पीयू की पीव्हीसी हे पाहायचं असेल तर दुकानातून कातरण मागून घ्या. तांब्याची तार लाल तापवून त्यावर टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. धूर वाईट असतो, हे उघड्यावरच करा.

या दोन्हींवर लेदर कंडिशनर चोळणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ओल्या फडक्यावर थोडा सौम्य साबण पुरतो.

आणि सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ची पट्टी शिवलेली असेल, तर साधं कव्हर चढवूच नका. ते एअरबॅगची वाट अडवू शकतं. त्या जागी फाटणारी खास शिवण असलेलं कव्हर मिळत नसेल, तर कंपनीचं मूळ कापड तसंच राहू द्या. उन्हाळ्यात बसायलाही तेच बरं.