पार्श्वभूमी : परिचारिकेच्या मृत्यूची नोंद कुठे होते?

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड, लातूर. ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये. तालुक्याहून ‘पुढे न्या’ म्हणून पाठवलेला मराठवाड्यातला गरीब रुग्ण शेवटी यांपैकीच कुठेतरी पोचतो. साथीत तर हमखास. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या वॉर्डात जातात, सिस्टर पाळीभर तिथेच असते. सलाइन लावणे, घशातला कफ मशिनने ओढून काढणे, सरकलेला ऑक्सिजनचा मास्क पुन्हा बसवणे, हे सगळे रुग्णाच्या श्वासाच्या टप्प्यात उभे राहून करायचे काम. परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. सरकारी वॉर्डातली रात्रपाळी ज्याने पाहिली आहे त्याला यावर वेगळे सांगायला नको.

रुग्णाकडून संसर्ग होण्याचा हा धोका कोविडने आणला नाही. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. साथरोग कायदा त्याच वर्षीचा. त्याच्या ४थ्या कलमाने कायद्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्याला कोर्टकज्जापासून संरक्षण दिले. रुग्णाशेजारी उभ्या असलेल्यांवरचा हल्ला हा या केंद्रीय कायद्यात वेगळा गुन्हा ठरायला मात्र २२ एप्रिल २०२० चा अध्यादेश यावा लागला. गंभीर इजा केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद. म्हणजे १२३ वर्षे गेली.

संसर्गापासूनचे संरक्षण वॉर्ड पाहून वाटले गेले. कोविडच्या सुरुवातीच्या केंद्रीय सूचनांत पूर्ण पीपीई किट आणि एन-९५ मास्क अतिदक्षता कक्षासारख्या ठिकाणी. साध्या वॉर्डाला तीनपदरी मास्क. पण तपासणी न झालेला बाधित साध्या वॉर्डातही दाखल होतच होता.

मोजदादीचे तर विचारूच नका. कोविडने झालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मृत्यूंची माहिती केंद्र पातळीवर ठेवली जात नाही, असे उत्तर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत दिले. डॉक्टरांच्या संघटनेने लगेच ३८२ डॉक्टरांची यादी पुढे केली. परिचारिकांच्या बाजूने इतका मोठा आवाज उठला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा पुढचा अंदाज मे २०२१ पर्यंत जगभरात सुमारे १,१५,५०० आरोग्य कर्मचारी दगावल्याचा आहे, आणि तोही ८०,००० ते १,८०,००० इतका सैल.

मार्च २०२० मध्ये जाहीर झालेल्या ५० लाखांच्या केंद्रीय विम्यात कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचारीही होते, हे चांगलेच. अट एवढीच होती की पॉझिटिव्ह अहवाल हवा आणि मृत व्यक्तीची नेमणूक कोविड रुग्णांच्या सेवेत होती, असा संस्थेचा दाखला हवा. प्रसूती कक्षात ड्युटी असताना बाधा झालेल्या सिस्टरच्या घरच्यांनी हा दाखला कोणाकडून आणायचा?