'गिव्ह अप'मधलं 'अप' आलं कुठून?

'गिव्ह' म्हणजे देणं, 'अप' म्हणजे वर. तरी 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं! इंग्रजी शिकणारा इथे हमखास ठेचकाळतो आणि आपलंच पाठांतर कच्चं, असं त्याला वाटत राहतं. याचं मूळ हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये आहे.

जुन्या इंग्रजीत अर्थ फिरवणारा शब्द बहुधा क्रियापदाच्या आधी जोडला जाई. आपल्याकडे एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तसंच. 'अंडरस्टँड', 'फरगिव्ह', 'विथस्टँड' ही त्या घडणीची आजवर टिकलेली क्रियापदं.

पुढे नवव्या शतकात व्हायकिंग लोक इंग्लंडच्या उत्तरेत आणि पूर्वेत स्थायिक झाले. त्यांच्या नॉर्स बोलीत हे शब्द क्रियापदाच्या मागून येत, आणि इंग्रजीला ते वळण तिथूनच बळावलं असं अनेक अभ्यासक मानतात. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली, जुने उपसर्ग झिजत गेले. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत 1140 सालच्या नोंदीत विंचेस्टरचा बिशप शहर विरोधकांच्या स्वाधीन करायचं वचन देतो. तिथे 'गिव्ह' आणि 'अप' सोबत आहेत, आणि दोघांच्या मध्ये चक्क 'त्यांना' हा शब्द बसलाय. मला ही नोंद फार आवडते, कारण वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूच्या नंतर येऊ शकतो आणि दोघांमध्ये दुसरे शब्दही येऊ शकतात, हे पाणिनीने सूत्रांतच सांगून ठेवलंय.

फ्रेंच-लॅटिन शब्द ग्रंथांत आणि दरबारात मानाने बसले, ही जोडक्रियापदं बोलण्यात रुळली. सहन करणं म्हणायला 'टॉलरेट' लिहिण्यात, 'पुट अप विथ' तोंडी. पुस्तकातून इंग्रजी शिकलेल्याला पहिला शब्द येतो आणि दुसरा अडतो, तो यामुळेच.

1755च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन यांनी लिहून ठेवलं की परक्यांना सर्वाधिक जड जाते ती हीच रचना. 'सेट ऑफ', 'सेट इन', 'सेट आउट' अशी उदाहरणंही दिली. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र छापून आलं 1925 मध्ये, लोगन पीअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकात. ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी.

शिकणाऱ्याची अडचण समोर ठेवून कोश रचला तो जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी. तो 1942 मध्ये टोकियोत निघाला. 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला, आणि 'अॅडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून आपण वापरतो तो कोश त्याचाच वंशज.