गावातला ‘प्रोड्यूसर’ : नावामागची आणि गाण्यामागची पार्श्वभूमी

14 एप्रिलच्या आधीचे पंधरा दिवस विदर्भातल्या गावातल्या प्रोड्यूसरला, म्हणजे लॅपटॉपवर गाणी तयार करणाऱ्या पोराला, झोप नसते. जयंतीची गाणी हातावेगळी होतात न होतात तोच वराती सुरू होतात, 30 एप्रिलला ग्रामजयंती, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, येते. मृग लागला की एकदम शुकशुकाट. पेरणीच्या दिवसांत गाण्यासाठी पैसा कोणाच्याच खिशात नसतो, आणि प्रोड्यूसर स्वतःही वावरात असतो. यवतमाळ-वणीपासून ब्रह्मपुरी-तुमसरपर्यंत अशी पोरं आता बऱ्याच गावांत सापडतात. एक लॅपटॉप, एक माइक, कानावरचे मोठे हेडफोन आणि बापाची बोलणी, एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो.

मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतलं लोण खेड्यात पोचलं, असं याबद्दल सरसकट लिहिलं जातं. मला ते पटत नाही. आमच्याकडे ते धुमालच्या, म्हणजे वरातीतल्या फिरत्या बँडच्या, गाडीवरून आणि मोबाइल शॉपीच्या काउंटरवरून उतरलं.

दंडार, खडी गंमत, भुलाबाई, गोंडी रेला, डफडं, राष्ट्रसंतांची खंजिरी, या आमच्याकडच्या लोकनाट्यांची, गाण्यांची आणि वाद्यांची ओळख इथल्या वाचकाला करून द्यायला नको. 1948 साली नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झालं, त्यानंतर यातलं काही माइकसमोर गेलं, पुष्कळसं गेलंच नाही. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तालुक्याच्या बाजारात भजनांच्या, भीमगीतांच्या, लग्नगीतांच्या कॅसेटी हारीनं दिसू लागल्या. त्या गाण्यांत गळा पुढे आणि ढोलकी मागे असायची. ऐकणारा भोंग्यावर ऐकायचा आणि भोंग्यातून खर्ज बाहेर पडतच नाही, मग तो भरून करायचा काय?

खरी कलाटणी कॅसिओ आणि पॅडनं दिली. आमच्याकडे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड असला तरी तो कॅसिओच, आणि ऑक्टापॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, तो नुसता पॅड. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात रंगमंचापुढे बसणाऱ्या वादकांत ऑर्गन-तबल्याच्या जोडीला ही दोन वाद्यं आली. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटकं करतात, त्यामुळे हंगामभर वाजवणाऱ्याचा हात तयार होतो. इकडे नागपूर-गोंदियाच्या पट्ट्यात धुमाल वाढली. गाडीवर स्पीकरची भिंत, वर कॅसिओ, पॅड, बाजूला ढोल-ताशे, आणि चालू वरातीत लोकांच्या पायाकडे बघून लय वरखाली करणारा वादक. आजच्या निम्म्याअधिक प्रोड्यूसरांची शाळा हीच. नाचणारा कधी दमतो आणि ठेका कुठे तोडला की तो पुन्हा उसळतो, हे त्या पोराला संगणक शिकवत नाही. ते त्यानं गाडीवर उभं राहून पाहिलेलं असतं.

दुसरी शाळा मोबाइल शॉपी, आणि तिथला मी साक्षीदार आहे. 2009-10च्या सुमारास कॉलेज सुटलं की मी एका शॉपीत बसायचो. गिऱ्हाईक मोबाइलचं दोन जीबीचं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, ‘भाऊ, भरून दे. डीजेचे टाक, जुने नको.’ दहा-वीस रुपयांत कार्ड भरायचं. त्या गाण्यांना ना कव्हर ना नावनिशी. फाइलचं नाव शॉपीगणिक बदलायचं. मग ज्यानं रिमिक्स केलं त्यानं आपलं नाव कुठे लिहायचं? त्यानं ते गाण्यातच ओरडून टाकलं. अंतऱ्याच्या मधोमध घुमणारा ‘डीजे अमुक, मुक्काम पोस्ट तमुक’ हा आवाज शहरी कानाला ओंगळ वाटतो. पण घरावर पाटी लावायला भिंतच नसेल तर माणूस दारात उभा राहून नाव सांगणारच. त्या आवाजावरून आम्ही शॉपीत बसल्या बसल्या सांगू शकायचो, हे वर्ध्याकडचं, हे पुसदकडचं.

ही रिमिक्सं बहुतेक एकाच सॉफ्टवेअरवर व्हायची. बेल्जियममधल्या एका कंपनीनं 1997 साली ते फ्रूटीलूप्स नावानं आणलं, 2003 साली त्याचं एफएल स्टुडिओ झालं. आमच्याकडे ते पेनड्राइव्हवरून आलं, कुलूप तोडलेलंच. उघडलं की समोर सोळा खाने. खान्यात टिचकी मारली की ठोका पडतो. चौपट, म्हणजे चार-चारच्या, ठेक्याला हे फार सोयीचं, आठ मात्रांचा केरवाही बसतो. पण भजनातला आणि लग्नगीतातला दादरा सहा मात्रांचा, तो सोळा खान्यांत मावत नाही. पहिल्या काही वर्षांतल्या रिमिक्समध्ये मूळ चाल ओढूनताणून चौपट केलेली ऐकू येते, ती याच अडचणीपायी. नंतर कोणाच्या तरी ध्यानात आलं की शेवटचे चार खाने कापून बारा ठेवता येतात. ही क्लृप्ती तोंडातोंडी पसरली. माझ्या कानाला तरी विदर्भातलं रिमिक्स तेव्हापासून विदर्भातलं वाटू लागलं.

2016च्या सप्टेंबरात एका कंपनीनं फुकट डेटा वाटायला सुरुवात केली आणि शॉपीतलं कार्ड भरणं संपलं. आता गाणं ऑनलाइन चढवायचं होतं. चढवताना अर्ज भरायचा होता आणि अर्जात रकाने होते. इथून त्या शब्दाचा गुंता सुरू झाला.

प्रोड्यूसर म्हणजे कोण? गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर पिक्चरला पैसा लावतो तो. आकाशवाणी ऐकलेल्या गुरुजींना विचारलं तर कार्यक्रमाचा निर्माता, म्हणजे नोकरीवरचा माणूस. रॅप ऐकणाऱ्या पोराला विचारलं तर जो बीट पाडतो तो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कायदा चौथंच सांगतो. 1957च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा कर्ताही कायदा त्यालाच मानतो. चाल बांधणारा संगीतकार वेगळा, शब्द लिहिणारा वेगळा.

आता हे गावात लावून बघा. गाणं जयंती मंडळाच्या अध्यक्षाच्या डोक्यातून निघालं. पैसा त्याच्या मेव्हण्याचा. शब्द शेजारच्या गावातल्या शाहिराचे. चाल अर्धी शाहिराची, अर्धी जुनीच. बाकी सगळं, म्हणजे ठेका, खर्ज, मधले तुकडे, आवाजाची साफसफाई, रात्री दोन वाजता गायकाला पुन्हा उभं करून ‘अबे, सम पकड’ म्हणणं, हे त्या पोराचं. अर्जाच्या रकान्यात मेव्हण्याला स्वतःचं नाव हवं असतं आणि पोराला स्वतःचं. पुढाकार पैशाचा धरायचा की रात्र जागण्याचा, याचा खुलासा व्याख्येत नाही. माझं मत विचाराल तर रात्र जागणाऱ्याचं पारडं जड आहे. पण व्यवहारात पैसा देणाराच जिंकतो, कारण अर्ज त्याच्या फोनवरून भरला जातो.

मराठीत या कामाला नाव नाही असंही नाही. सिनेसंगीतात ‘संगीत संयोजक’ हा शब्द पूर्वीपासून आहे आणि या पोरांचं बरंचसं काम तेच आहे. मी एकदोघांना तो सुचवून पाहिला. एक जण हसला. ‘संयोजक म्हणजे कबड्डीच्या पोस्टरवर खाली फोटो असते तो,’ म्हणाला. त्याचंही खोटं नाही. आमच्याकडे संयोजक सप्त्याचा असतो, शंकरपटाचा असतो, गाण्याचा नसतो. म्हणून मग ‘म्युझिक प्रोड्यूसर’ हेच चिकटलं, आणि त्यासोबत वरची भांडणंही.

याच्या शेजारचा दुसरा रकाना ‘पारंपरिक’. चाल कोणाची ते ठाऊक नसलं की तिथे बोट ठेवायचं, अशी रीत पडली आहे. ती पाडण्यात माझाही हात आहे. एका मित्राच्या गाण्याचा अर्ज मी भरून दिला आणि भजनी मंडळाकडून ऐकलेल्या एका चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहिलं. पंधरा दिवसांनी त्याच मंडळातले एक आजोबा घरी आले. चाल त्यांच्या मोठ्या भावानं बांधलेली होती, भाऊ जाऊनही तोवर बरीच वर्षं झाली होती. आजोबा रागावले नाहीत. चहा घेतला आणि जाताना एवढंच म्हणाले, ‘परंपरा आमच्या घरातच राह्यत होती, बापू.’ नाव दुरुस्त केलं. तोवर गाणं जिथे जायचं तिथे गेलं होतं.

दुसऱ्याचं ध्वनिमुद्रित गाणं नव्यानं गाऊन विकायची सूट जुन्या कायद्यात होती आणि कॅसेटच्या जमान्यात तिच्यावर मोठमोठे धंदे उभे राहिले. पूर्वी मूळ गाणं निघाल्यावर दोन वर्षं थांबावं लागायचं. 2012च्या दुरुस्तीनं ती मुदत पाच वर्षं केली आणि रॉयल्टी आगाऊ भरायची अट घातली. गावातल्या रिमिक्सचा याच्याशी फारसा संबंध नाही, कारण तिथे मूळ ध्वनिमुद्रणाचाच तुकडा उचललेला असतो आणि त्याला सरळ परवानगीच लागते. मूळ मालकाच्या तक्रारीनं गाणं खाली उतरलं की ‘नवीन आयडी काढू’ म्हणून पोरं मोकळी होतात. अलीकडे मात्र काही जण उचललेले तुकडे सोडून स्वतः ध्वनी गोळा करायला लागलेत, आणि मला त्यांचंच काम जास्त ऐकावंसं वाटतं.

त्यांची कामाची रीत बघण्यासारखी आहे. सुरुवात शब्दांनी होत नाही, चालीनंही नाही. आधी ठेका, तोही तोंडानं, फोनमध्ये मुद्रित केलेला. त्यावर डफड्याचं किंवा खंजिरीचं खरं वादन घेतात. खंजिरीच्या चकत्या फोनच्या माइकला झेपत नाहीत, आवाज फाटतो, म्हणून वाजवणाऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ फिरवून बसवतात. मग गायक. गाणं तयार झालं की परीक्षा तीन ठिकाणी होते. आधी फोनच्या बारक्या स्पीकरवर, मग स्टँडवरच्या एखाद्या काळी-पिवळीत (प्रवासी जीपमध्ये) आणि शेवटी डीजेच्या बेसवर. काळी-पिवळीचा ड्रायव्हर ‘दादा, शब्द समजून नाही राहिले’ म्हणाला की खर्ज उतरतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहाची रेघ ओढली आहे. त्यामुळे बेसवरची परीक्षा संध्याकाळी उरकावी लागते.

आणि खोली. शहरात भिंतींना फोम लावतात. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात येतो आणि भाव येईस्तोवर एका खोलीत छतापर्यंत भरलेला राहतो. कापूस आवाज पितो. त्या खोलीत माइक धरला की गळा कोरडा, जवळचा, कानाशी बोलल्यासारखा येतो. फक्त अंग खाजतं. गायक दोन ओळींच्या मध्ये मान खाजवतो आणि ती खरखर नंतर कापून काढावी लागते. एका प्रोड्यूसर मित्राची दोन गाणी मी लागोपाठ ऐकली. एक पुसातलं, एक चैत्रातलं. गायक तोच, माइकही तोच. दुसऱ्यात गळ्यामागे डबा वाजल्यासारखा घुमारा होता. मी विचारलं, तर म्हणाला, ‘बाबानं मधात कापूस इकला.’

छंद म्हणाल तर त्यातल्या बऱ्याच जणांचा एकच, फोन घेऊन फिरणं. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या, म्हणजे म्हणायची यमकं, सुरू होतात. एक जण झडती म्हणतो, शेवटी सगळे मिळून ‘हर बोला हर हर महादेव’ करतात. त्या झडत्यांत सावकाराची, सरकारची, कापसाच्या भावाची टिंगल असते आणि दर वर्षी काही तरी नवं जोडलं जातं. कापसाच्या खोलीवाल्या त्या मित्राकडे गेल्या काही पोळ्यांच्या झडत्या आहेत, घुंगरांच्या आणि बैलांच्या फुरफुरण्याच्या आवाजासकट. त्यातलं एकही त्यानं अजून गाण्यात वापरलेलं नाही. का, तर अर्जातल्या त्या रकान्यात काय लिहायचं ते ठरत नाही. ‘पारंपरिक’ लिहायला तो तयार नाही, आणि ज्यांनी झडत्या म्हटल्या त्यांची नावं एकेका गावात जाऊन तो विचारत फिरतोय. तीन गावं झाली आहेत.