तात्पर्यनिर्णय

तात्पर्यनिर्णय : एखाद्या ग्रंथाला किंवा वचनाला नेमके काय सांगायचे आहे, हे ठरवण्याची पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, घडलेली रीत. जैमिनीची बारा अध्यायांची सूत्रे आणि त्यांवरचे शबरस्वामीचे भाष्य हा तिचा पाया. पुढे वेदान्ती आणि धर्मशास्त्रकार यांनीही ती उचलली. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहे, तो कोणी रचलेलाच नाही. त्यामुळे ‘लिहिणाऱ्याच्या मनात काय होते’ हा प्रश्न त्यांना विचारताच येत नाही. हाती उरते ते फक्त वाक्य. वाचनाचे इतके काटेकोर नियम याच मंडळींनी का केले, ते यावरून समजते.

मीमांसेचे एकक म्हणजे अधिकरण, एकेका प्रश्नाची चर्चा. त्यात आधी विषयवाक्य (चर्चेला घेतलेले वचन), मग त्याबद्दलचा संशय, मग पूर्वपक्ष (प्रतिपक्षाचे म्हणणे) आणि शेवटी सिद्धान्त (अंतिम निर्णय). शिवाय मागच्या-पुढच्या चर्चेशी संगती. पूर्वपक्ष नावापुरता नसतो. शबरभाष्य वाचताना पुष्कळदा प्रतिपक्षाचेच म्हणणे पटू लागते आणि सिद्धान्ती आता कसा सुटणार, अशी उत्सुकता लागते.

पहिली चाळणी विधी (काय करावे ते सांगणारी आज्ञा) आणि अर्थवाद (तिच्या पुष्टीसाठी केलेली स्तुती वा निंदा) यांची. तैत्तिरीय संहितेत एक कथा आहे. देवांनी अग्नीकडे ठेवलेले धन परत घेतले तेव्हा तो रडला, म्हणून त्याला रुद्र म्हणतात. त्याच्या अश्रूची चांदी झाली. यज्ञात चांदीची दक्षिणा देणाऱ्याच्या घरी वर्षाच्या आत रडारड होते. पूर्वपक्षी विचारतो, अश्रूची चांदी होते हे कोणी पाहिले? मीमांसकाचे उत्तर असे की, हे वचन चांदीच्या उत्पत्तीची माहिती द्यायला आलेलेच नाही. चांदी देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सारी त्या निषेधाची भलामण. वेदातल्या कथा खऱ्या की खोट्या, हा वाद मीमांसक असा बाजूला सारतो. कथेकडून कोणते काम करून घेतले आहे, तेवढेच तो बघतो.

औदुंबरीचे अधिकरण याहून धीट आहे. सोमयागाच्या मंडपात उंबराचा खांब रोवतात. उद्गात्याने, म्हणजे सामगान करणाऱ्या ऋत्विजाने, त्याला स्पर्श करून गावे, असे श्रुती (वेद) सांगते. तो खांब सगळाच्या सगळा वस्त्राने गुंडाळावा, असे स्मृती सांगते. सगळा गुंडाळला तर खांबाला हात लागणार कसा? विरोध असेल तर स्मृती सोडावी, हा जैमिनीचा निर्णय. त्यापुढचे सूत्र दोनच शब्दांचे : ‘हेतुदर्शनाच्च’, म्हणजे कारण दिसते म्हणूनही. शबरस्वामी ते कारण उघड सांगतो. कोणाला तरी त्या वस्त्राचा लोभ होता, म्हणून खांब पूर्ण गुंडाळला गेला आणि तेच या स्मृतीचे बीज ठरले. ऋत्विजांच्या हावेबद्दल परंपरेच्या आतूनच इतके रोखठोक बोललेले क्वचितच आढळते. कुमारिलभट्टाला ते रुचले नाही. दोन्ही वचनांचा मेळ घालता येतो, असे त्याने तंत्रवार्तिकात, म्हणजे शबरभाष्यावरच्या आपल्या टीकेत, मांडले.

संपूर्ण प्रकरणाचे तात्पर्य काढण्यासाठी सहा खुणा सांगितल्या जातात : उपक्रम-उपसंहार (आरंभ आणि शेवट), अभ्यास (पुनरुक्ती), अपूर्वता (दुसरीकडून न कळणारी गोष्ट), फल, अर्थवाद आणि उपपत्ती (युक्तिवाद). सदानंदाच्या वेदान्तसारात त्या छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायाला लावून दाखवल्या आहेत. आरंभी ‘एकमेवाद्वितीयम्’, शेवटी ‘ऐतदात्म्यमिदं सर्वम्’, मध्ये ‘तत्त्वमसि’ नऊ वेळा, आणि उपपत्तीला मातीच्या गोळ्याचा दृष्टान्त. एखादे वाक्य सुटे काढून मिरवायला या कसोटीत जागा नाही.

मराठी वाचकाला ही कसोटी ओळखीची झाली ती प्रामुख्याने टिळकांमुळे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या पहिल्याच प्रकरणात ती येते. सुरुवात अर्जुनाने धनुष्य टाकण्याची, शेवट ‘करिष्ये वचनं तव’ असा, आणि मध्ये ‘म्हणून युद्ध कर’ याची पुनरुक्ती. तेव्हा गीता कर्मयोगच सांगते, असा त्यांचा निष्कर्ष. जुन्या टीकाकारांना हे नियम ठाऊक होते, पण आपल्या संप्रदायाचा निकाल आधी ठरवून ते वाचत, असा त्यांचा आक्षेप होता. मात्र उपसंहार कुठला मानायचा, हेच वादाचे आहे. ‘सर्वधर्मान्परित्यज्य’ हा श्लोक कळस मानला की शंकराचार्यांना त्यात कर्मसंन्यास दिसतो, भक्तिमार्गी आचार्यांना शरणागती. खुणा त्याच, निकाल वेगळे. टिळकांचा निकालही आधी ठरलेला नव्हता, असे छातीठोकपणे म्हणणे कठीण आहे.

यज्ञ करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नही जैमिनीच्या सूत्रांत आहे. त्यांच्या सहाव्या अध्यायात बादरी या आचार्याचे मत नोंदले आहे : यज्ञाचा अधिकार सर्वांना, शूद्रालाही. जैमिनी ते खोडतो. शूद्राला वेदाध्ययन नाही, म्हणून यज्ञही नाही. अध्ययन का नाही, याची चौकशी औदुंबरीच्या वस्त्राइतक्या कडकपणे होत नाही. ती महाराष्ट्रात झाली, पण मीमांसेच्या वर्तुळाबाहेरून. जोतीराव फुल्यांनी गुलामगिरीत (1873) दशावतारांच्या कथा घेऊन त्या रचण्यात कोणाचा लाभ होता, असे विचारले. त्यांना मीमांसेशी काही देणेघेणे नव्हते. तरी प्रश्न ‘हेतुदर्शनाच्च’ याच जातीचा आहे, फक्त तो खांबाच्या वस्त्रापाशी न थांबता संपूर्ण ग्रंथालाच लावला आहे.

मीमांसेच्या अभ्यासाचे महाराष्ट्रातले मोठे केंद्र वाई. तिथल्या प्राज्ञपाठशाळेचे केवलानंद सरस्वती यांनी सात खंडांचा संस्कृत मीमांसाकोश सिद्ध केला. न्याय (अर्थ लावण्याचे नियम) आणि संज्ञा त्यात अकारविल्हे लावल्या असल्याने एखादे अधिकरण शोधताना अभ्यासक आजही तो उघडतात.