पायरीपायरीने उदाहरण सोडवणे (शालेय बीजगणित व भूमिती)

दिलेल्या माहितीपासून निष्कर्षापर्यंत जाताना प्रत्येक विधान आधीच्या विधानातून किंवा एखाद्या मान्य नियमातून काढून वेगळ्या ओळीत मांडण्याची शालेय गणितातील पद्धत. मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांच्या शाळा राज्य मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर आणि लातूर या विभागांकडे येतात. दहावीला गणित भाग १ (बीजगणित) व भाग २ (भूमिती) अशा प्रत्येकी ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. गुण पायऱ्यांना वाटलेले असल्याने शेवटचे उत्तर चुकले तरी आधीच्या बरोबर पायऱ्यांचे गुण पदरात पडतात. पुढची पायरी कशाच्या आधारे मांडता येते, हे मात्र दोन्ही शाखांत सारखे नाही, आणि विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच.

बीजगणितात अवघड असते ती पहिली पायरी, म्हणजे शाब्दिक उदाहरणाचे समीकरण करणे. समजा, एका शेतकऱ्याने सोयाबीन आणि तूर मिळून ३० क्विंटल माल आडतीवर घातला, सोयाबीनला क्विंटलमागे ४,५०० व तुरीला ७,००० रुपये भाव धरला आणि एकूण १,६०,००० रुपये पट्टी झाली. सोयाबीन क्ष व तूर य क्विंटल मानल्यास क्ष + य = ३० आणि ४,५००क्ष + ७,०००य = १,६०,००० ही एकसामयिक समीकरणे मिळतात. पहिल्यातून क्ष = ३० − य ही किंमत दुसऱ्यात ठेवली की १,३५,००० + २,५००य = १,६०,०००, म्हणून य = १० आणि क्ष = २०. ‘क्ष म्हणजे सोयाबीनचे क्विंटल’ ही ओळ अनेक जण वेळ वाचवण्यासाठी गाळतात. मग शेवटी २० हा आकडा सोयाबीनचा की तुरीचा, हे त्यांनाच सांगता येत नाही.

समीकरणाच्या दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवणे किंवा शून्येतर संख्येने दोन्ही बाजूंना भागणे या क्रिया उलट फिरवता येतात, त्यामुळे उकली बदलत नाहीत. दोन्ही बाजूंचा वर्ग करणे तसे नाही. (क्ष + ३) चे वर्गमूळ = क्ष − ३ या समीकरणाचा वर्ग केल्यास क्ष² − ७क्ष + ६ = ० मिळते आणि क्ष = ६ किंवा क्ष = १ येते; पण १ ही किंमत मूळ समीकरणात ठेवल्यास डावीकडे २ आणि उजवीकडे −२ येतात, म्हणून ती सोडून द्यावी लागते. अशा वेळी ताळा हा उकलीचाच भाग असतो. लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर असलेल्या आयताकृती जागेच्या उदाहरणात रुंदी २० किंवा −३० येते. तेथे ऋण किंमत वगळण्याचे कारण समीकरणात नसून रुंदी ऋण नसते या गोष्टीत आहे, आणि ते शब्दांत लिहावे लागते.

भूमितीत पक्ष (दिलेली माहिती), साध्य (सिद्ध करायचे विधान), रचना व सिद्धता असा क्रम ठरलेला असून प्रत्येक विधानापुढे कंसात कारण द्यायचे असते. समद्विभुज त्रिकोणाचे समान बाजूंसमोरील कोन समान असतात, हे सिद्ध करताना त्रिकोण अबक मध्ये अब = अक हा पक्ष घेतात आणि कोन अ चा दुभाजक काढून तो बाजू बक ला ड मध्ये छेदतो, अशी रचना करतात. मग अब = अक (पक्ष), कोन बअड = कोन कअड (रचना), अड = अड (सामाईक बाजू), म्हणून बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने दोन्ही त्रिकोण एकरूप आणि कोन ब = कोन क (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन). रचनेच्या एका रेषेला अट एकच लावता येते. ‘अ मधून बक वर लंब काढला, तो बक ला दुभागतो’ असे सुरुवातीलाच लिहिणारा विद्यार्थी जे सिद्ध व्हायचे आहे त्याच्या जवळचे काहीतरी गृहीत धरून बसतो. सुबक आकृती त्याला फसवते.

समरूपतेतही कारणांची छाननी हवी. दौलताबादच्या चांदमिनाराची उंची सावलीवरून काढताना उभी काठी व मिनार यांचे काटकोन आणि समांतर सूर्यकिरणांमुळे होणारे समान कोन घेऊन को-को (कोन-कोन) कसोटी लावतात. यात सावली बुंध्याच्या कडेपासून मोजून भागत नाही. शिखर बुंध्याच्या मध्यावर असल्याने बुंध्याची त्रिज्या त्या लांबीत मिळवावी लागते.

निजामाच्या राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने उर्दूतून असल्याने मराठवाड्यातील जुन्या पिढीने त्रिकोणाला मुसल्लस आणि कोनाला जाविया म्हणत भूमिती शिकली. पुढे अकरावी-बारावीच्या स्तरावर नावाजलेल्या लातूर पॅटर्नने प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवून तपासून घेण्यावर भर दिला. अशा सरावाने बीजगणितातील रीती हाताशी बसतात. भूमितीत नवी रचना सुचण्यासाठी तो तितका उपयोगी पडत नाही. चौकटी भरून ‘कृती पूर्ण करा’ या प्रकारच्या प्रश्नांत रचना आयतीच दिलेली असते, त्यामुळे हे प्रश्न सहज सोडवणारे विद्यार्थीही कोऱ्या आकृतीत पहिली रेषा कोठून काढावी, यापाशी थांबतात.